चारही बाजूंनी

महाशब्दे बाई पुढच्या सीटवर बसल्या
आणि पट्टा लावायच्या आधी म्हणाल्या,
"रेशीमवाले, उत्तर कुठे?"
भंवरकुव्याच्या चौकात, सकाळी सहाला,
मी बोट केलं. ते बहुतेक खंडव्याकडे गेलं.
सहावीत त्यांनी मला भूगोलात एकोणीस दिले होते,
शंभरातले.

आता माझं बॅटऱ्यांचं दुकान आहे.
बाईंचा इन्व्हर्टर मीच बघतो.
परवा त्यात पाणी भरत होतो, तर मागून सहज आवाज आला:
"चौतीस वर्षं बेट शिकवलं रे.
पाहिलं नाही एकदाही."

नकाशा त्यांचाच. कुणाच्या तरी उत्तरपत्रिकेचं कोरं पान,
त्यावर पेन्सिलीनं गांधीनगर, हातोद,
कडुलिंबाचं वळण, मग तलाव,
आणि तलावात तिरकं पडलेलं एक अंडं.
फोन बंद ठेव म्हणाल्या.
मी फक्त त्याचा आवाज घालवला.

"बाई, इथून डावीकडे?"
"डावं-उजवं शरीराला असतं. पश्चिम म्हण."
तर पश्चिम, पश्चिम,
आरशात मागे अडकलेला सूर्य,
पुडीतल्या पोह्यांवरच्या जिरावणाचा वास,
आणि हातोदच्या फाटकाशी एक म्हैस,
जिला कुठलीच दिशा मान्य नव्हती.

वैशाख सरत आलेला. तलाव अंग चोरून
मधल्या खळग्यात जाऊन बसला होता.
उघड्या तळावर खरबुजाच्या वाड्या,
आणि ट्रॅक्टरनं पाडलेली एक चाकोरी
सरळ बेटावर चढत गेलेली.
मी ब्रेक दाबला. वाडीतल्या बाईनं
खरबूज उचललेल्या हातानंच खूण केली:
"निकल जाओ, भिया, सूखा है।"

मग आम्ही तळावरून निघालो.
चाकाखाली शिंपले कुरकुरत होते.
फोनच्या पडद्यावर सगळं निळं,
आणि निळ्याच्या पोटात आमचा ठिपका:
फोनच्या हिशेबानं आम्ही कधीच बुडालो होतो
आणि बुडूनही चाललो होतो,
ताशी बारा किलोमीटरनं.
बाईंना दाखवलं. त्या इतक्या हसल्या
की चष्मा काढून पुसावा लागला.

बेटाला गाडीनं पूर्ण फेरा मारला.
"परीघ लिही," म्हणाल्या. आठशे मीटर.
एक पळस, एक शेंदूर फासलेला दगड,
मोजणीवाल्यांचा वाकलेला खांब,
आणि उतारावर सारसांचं जोडपं.
आमच्याकडे ते असं बघत होते
जशा बाई माझ्या वहीकडे बघायच्या.

काठी टेकत त्या उतरल्या.
चारही दिशांना सावकाश तोंड केलं.
तीन बाजूंना भेगाळलेली काळी माती,
चौथीला लांब, चमचाभर चमक.
"नाही रे. हे बेट नव्हे.
चारही बाजूंनी पाणी लागतं.
इथे तर गाडी आली."

"मग आश्विनात येऊ. भरलेलं असेल. नावेनं."
बाईंनी आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं.
"नावेत पाय उचलून टाकावा लागतो," म्हणाल्या,
आणि पोहे मागितले.

खाऊन झालं. हात धुवायची बाटली त्यांनी घेतली,
पण हात धुतले नाहीत.
वाकवेल तेवढं वाकून
स्वतःच्या चपलांभोवती धार धरली,
पश्चिमेकडून सुरू करून उत्तरेकडे,
वर्गात फळ्यावर गोल काढायच्या तशी,
एका हातानं, न थांबता.
पूर्वेला पोचेपर्यंत
पश्चिम मातीनं पिऊन टाकली होती.

त्या जागच्या हलल्या नाहीत.
"रेशीमवाले, अजून आहे का पाणी?"

डिकीत होतं. बॅटरीचं, पाच लिटरचा कॅन,
विकायला आणलेला.
मी धावत गेलो.